गावाची जैवविविधता समिती आणि लोकनोंदवही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रामपंचायत सदस्य, शाळेतले शिक्षक, बचत गटातल्या ताया, वनहक्क समित्यांचे कार्यकर्ते आणि मुंबई-पुण्यातून गावाकडे लक्ष ठेवून असलेले चाकरमानी आम्हाला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. एकाच गोष्टीचं उत्तर दोनदा नको म्हणून जिथे गरज आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. जैवविविधता व्यवस्थापन समिती म्हणजे नक्की काय? प्रत्येक ग्रामपंचायतीने ती करायलाच हवी का?

करायलाच हवी. जैविक विविधता अधिनियम, 2002 च्या कलम 41 नुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेला अशी समिती नेमावी लागते. नगरपंचायत, नगरपालिका, महानगरपालिका यांनाही हेच लागू आहे. दिल्लीच्या पातळीवरचं राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरण प्रत्यक्षात चेन्नईला आहे, राज्याचं मंडळ नागपूरला आहे आणि गावात ही समिती. गावातल्या सजीवांची आणि त्यांच्याबद्दलच्या ज्ञानाची लोकजैवविविधता नोंदवही, थोडक्यात ‘वही’, लिहिणं हे समितीचं मुख्य काम. आपल्या हद्दीतल्या जैविक संपत्तीबद्दल निर्णय घेताना वरच्या दोघांनी समितीशी सल्लामसलत करावी, असं कायदाच सांगतो. एवढा अधिकार हातात असूनही बहुतेक गावांत समितीची ओळख ठरावाच्या एका कागदापुरती राहिली आहे. हे पान आम्ही त्याचसाठी लिहितो आहोत.

2. समितीत कोण असतं? सरपंचच अध्यक्ष होतात का?

2004 च्या नियमांत एक अध्यक्ष आणि जास्तीत जास्त सहा सदस्य अशी रचना होती. त्यात किमान एक तृतीयांश महिला आणि किमान 18 टक्के अनुसूचित जाती-जमातींचे सदस्य असायला हवेत, असंही म्हटलं होतं. कायद्यात 2023 मध्ये दुरुस्ती झाली आणि ती 1 एप्रिल 2024 पासून लागू आहे. तिने सदस्यसंख्या 7 ते 11 अशी ठरवली आणि नेमकी रचना राज्य सरकारवर सोपवली.

सरपंचच अध्यक्ष असले पाहिजेत असं जुन्या नियमांत नव्हतं. सदस्यांनी आपल्यातूनच अध्यक्ष निवडायचा होता. आमचा अनुभव सांगायचा तर सात खुर्च्या पंचायतीच्या आतल्याच माणसांनी भरल्या की वही कोरडी निघते. गुराखी, वैदू, मासे धरणारा, रानभाज्या विकणारी बाई आणि घरचं बियाणं राखणारी आजी, ही पाच माणसं आधी ठरवा. उरलेल्या जागा मग भराव्यात.

3. आमच्या गावात समिती आहे की नाही हेच कुणाला माहीत नाही. कसं शोधायचं?

बहुधा असेल. ग्रामपंचायत कार्यालयात जाऊन समिती स्थापनेचा ठराव आणि लोकजैवविविधता नोंदवहीची प्रत मागा. तोंडी मागून मिळाली नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. यादीत आपलं नाव आहे हे कळल्यावर स्वतः सदस्यच चकित होतात, असं अनेकदा घडतं. त्यांच्यावर चिडू नका, त्यांनाही कुणी सांगितलेलं नसतं.

4. नोंदवहीत नेमकं काय लिहायचं? झाडांची यादी पुरेशी नाही का?

नाही. यादी कुठल्याही पुस्तकातून उतरवता येते. नोंदवहीत आपल्या गावाचं त्या झाडाशी, माशाशी, गवताशी असलेलं नातं यायला हवं.

शेवळांचं उदाहरण घ्या. पहिल्या पावसाच्या सुमाराला जमिनीतून वर येणारी ही भाजी घशाला खाजते, म्हणून ती काकडाच्या आंबट फळांबरोबर शिजवतात. आता नोंद अशी हवी: गावात तिला काय म्हणतात, कोणत्या उतारावर उगवते, कोणत्या आठवड्यात काढतात, कोण काढतं, कंद जमिनीत ठेवतात की उपटतात, दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी झाली का, आणि काकडाची झाडं आता किती उरली. काकड तुटला तर शेवळं असूनही ताटात येणार नाहीत. असा धागा फक्त खाणाऱ्याला आणि रांधणाऱ्याला दिसतो.

स्थानिक नाव आधी लिहा, शास्त्रीय नाव नंतर. कोकणातला टाकळा विदर्भात तरोटा होतो. कधी कधी दोन वाड्यांत एकाच भाजीची दोन नावं निघतात, तेव्हा दोन्ही लिहायची. शेतातली पिकं आणि वाण, पाळीव जनावरं, रानातलं, पाण्यातलं, असे भाग करायचे. त्याबरोबर गावाचा नकाशा, ऋतूंचं वेळापत्रक आणि जाणकारांची नोंदही करायची. जाणकारांची नावं त्यांना विचारूनच लिहा. गुपित ज्ञानाबद्दल प्रश्न 8 पाहा.

5. आमची नोंदवही 2020 च्या आसपास कुणीतरी बाहेरून येऊन भरून गेलं. ती फेकून द्यावी का?

मुळीच नाही. त्या काळात राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने देशभरातल्या समित्या आणि नोंदवह्या पूर्ण करण्यासाठी 31 जानेवारी 2020 ही मुदत घातली होती. पुढे उशीर करणाऱ्या राज्यांवर दरमहा 10 लाख रुपयांचा बोजा येणार होता. त्या आदेशामुळे काम हललं हे खरं, पण घाईही झाली. मोर, बिबट्या, साग, आंबा एवढंच असलेली आणि शेजारच्या गावाच्या वहीशी ओळ न ओळ जुळणारी वही हातात आली, तर काय झालं असेल ते समजून जा.

अशा वहीचा एक फार चांगला उपयोग आहे. ती ग्रामसभेत मोठ्याने वाचा. ‘गावात काय काय आहे ते सांगा’ म्हटलं की सगळे गप्प बसतात. पण ‘गावाच्या तळ्यात अमुक मासा आहे’ असं चुकीचं वाचलं की मागच्या रांगेतून आवाज येतो, ‘कोण म्हणतं? तो कधीच नव्हता!’ इथून खरी नोंद सुरू होते. चुकीच्या ओळीवर रेघ मारा, शेजारी तारीख घालून बरोबर माहिती लिहा. जुनी ओळ खोडून नाहीशी करू नका.

6. बैठक लावली की चारच माणसं येतात. लोकांना एकत्र कसं आणायचं?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि याचं उत्तर बैठकीच्या बाहेर आहे. माहिती असलेली माणसं सकाळी दहाला पंचायतीत येऊ शकत नाहीत. गुराखी रानात असतो, मासे धरणारा पहाटे परततो, बाया मजुरीला गेलेल्या असतात. तेव्हा त्यांच्या वेळेला, त्यांच्या जागी तुम्हीच जा. चढणीचे मासे धरायला पोरं ओढ्यावर जमतात त्या दिवशी वही तिथे न्या. धान्य निवडताना बियाण्याबद्दल विचारा. धनगरवाड्यावर मेंढरं बसल्यावर संध्याकाळी जा. पवन्या, मारवेल, कुसळी यांच्यातलं कोणतं गवत कुठे उरलंय आणि कुठे संपलंय हे त्यांच्याइतकं गावात कुणालाच माहीत नसतं.

दुसरं असं, की एखादी ठोस गोष्ट हातात हवी. ‘जैवविविधता’ या शब्दाभोवती कुणी जमत नाही, कासवाभोवती जमतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातलं वेळास घ्या. तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी पूर्वी उकरून नेली जायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. पुढे कासव महोत्सव सुरू झाला, पाहुणे गावातल्या घरांत उतरू लागले, आणि ज्यांना अंडी कुठे असतात हे ठाऊक होतं तेच त्यांचे राखणदार झाले. तुमच्या गावात कासव नसेल, तर एखादं तळं असेल, देवराई असेल, घरात राखलेला जुना भात असेल. तिथून सुरू करा.

मजुरी बुडवून येणाऱ्या माणसाला त्या दिवसाचा मोबदला द्या. फुकट ज्ञान मागणं आणि त्याला लोकसहभाग म्हणणं योग्य नाही.

7. कातकरी वस्तीवरचे, धीवर समाजाचे लोक आमच्याशी मोकळं बोलतच नाहीत. काय चुकतंय?

त्यांना भीती वाटते, आणि तिला कारण आहे. रानातून काय आणता, कोणता मासा कुठे धरता, हे पूर्वी ज्याने ज्याने विचारलं त्याच्या मागून बहुतेक वेळा बंदी आली किंवा केस आली. त्यामुळे पहिल्या भेटीत वही उघडू नका. आपण कोण, लिहिलेलं कुठे जाणार, काय लिहायचं नाही हे सांगण्याचा त्यांचा हक्क काय, हे आधी सांगा. लिहून झालं की त्यांना वाचून दाखवा.

पूर्व विदर्भातले जुने मालगुजारी तलाव पाहिले की त्यांच्या ज्ञानाचं मोल पटतं. तलावात कोणती वनस्पती वाढली की मासा अंडी घालतो आणि बेशरम नावाचं झुडूप माजलं की काय होतं, हे धीवर पिढ्यानपिढ्या जाणतात. तलाव सुधारायचा तर गाळ किती काढायचा हे यंत्रवाल्याआधी त्यांना विचारायला हवं. समितीत त्यांचा माणूस फक्त सहीपुरता असेल तर ते तुमच्याशी बोलणार नाहीत.

8. वैदूचं औषध वहीत लिहिलं तर उद्या कंपनी ते चोरणार नाही का?

ही शंका अगदी रास्त आहे, म्हणून उत्तर थोडं लांब आहे.

लिहून ठेवल्याने संरक्षण मिळतं, हे खरं आहे. हळद जखम भरते यावर अमेरिकेत 1995 मध्ये पेटंट दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआरने (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने) त्याला आव्हान दिलं आणि 1997 मध्ये ते रद्द झालं. हे आधीपासून माहीत होतं, असं दाखवणारे लिखित पुरावे तिथे कामी आले. पण जे सगळ्यांसमोर उघडं पडलं ते कुणीही वाचू शकतं, हेही तितकंच खरं.

म्हणून दोन थर ठेवा. सगळ्या गावाला ठाऊक असलेलं, आजीच्या बटव्यातलं ज्ञान खुल्या भागात लिहावं. एखाद्या वैदूचं खास औषध असेल, तर ‘यांना अमुक आजारावरचा उपचार माहीत आहे’ एवढीच नोंद करा. वनस्पती, प्रमाण, कृती लिहू नका. तो लिहू द्यायला तयार असला तरी पाकीटबंद भाग वेगळा ठेवा आणि तो कुणाला दाखवायचा हे समितीच्या ठरावाने ठरवा. वहीची पानं मोबाइलवर फिरवू नका.

मोबदल्याचं बोलायचं तर केरळातल्या काणी आदिवासींची गोष्ट सांगायला हवी. 1987 मध्ये काणी वाटाडे न थकता चालताना एक फळ खात होते, ते शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं. ते आरोग्यपच्च. त्यापासून ‘जीवनी’ हे औषध तयार झालं, आणि परवाना शुल्काचा व स्वामित्वधनाचा निम्मा वाटा काणींच्या न्यासाला द्यायचं ठरलं. जगभर ही गोष्ट आदर्श म्हणून सांगितली गेली. पण आम्हाला विचारलंच नाही, असं इतर भागांतल्या काही काणींचं म्हणणं होतं. एकच ज्ञान अनेक वाड्यांत असतं. करार करण्याआधी सगळ्या वाड्यांना एकत्र बसवावं लागतं.

9. व्यापारी आमच्या हद्दीतून हिरडा, औषधी साल, मध नेतात. समिती त्यांच्याकडून शुल्क घेऊ शकते का?

व्यापारी कारणासाठी जैविक संसाधन गोळा करणाऱ्याकडून शुल्क घेण्याचा अधिकार कलम 41 नेच समितीला दिला आहे. हा पैसा स्थानिक जैवविविधता निधीत जमा होतो आणि तो संवर्धनासाठी व गावाच्या हितासाठी वापरायचा असतो. भारतीय कंपन्यांना हे लागू नाही, असा दावा पूर्वी व्हायचा. उत्तराखंड उच्च न्यायालयाने डिसेंबर 2018 मध्ये दिव्य फार्मसीच्या प्रकरणात तो फेटाळला आणि भारतीय कंपनीलाही स्थानिकांशी लाभ वाटून घ्यावा लागेल असं ठरवलं.

2023 च्या दुरुस्तीने मात्र काही सवलती वाढवल्या आणि तुरुंगवासाची तरतूद काढून दंडाची ठेवली. आम्हाला ही दुरुस्ती गावांच्या बाजूने झाली असं वाटत नाही. त्यामुळे उरलेले अधिकार वापरायला आणखी जपून शिकलं पाहिजे. शुल्क ठरवण्याआधी ग्रामसभेचा ठराव करा आणि राज्य मंडळाला लेखी कळवा. गोळा करणाऱ्या आपल्याच माणसाच्या खिशात हात घालू नका. जुन्नर-आंबेगावात बाळहिरडा वेचणारी बाई आणि तो गोण्यांनी नेणारा, यांना एकच पावती फाडणं अन्याय आहे.

10. मग गावातल्या वैदूला, शेतकऱ्याला, पशुपालकालाही परवानगी लागते का?

नाही. स्थानिक लोक, पिकवणारे आणि परंपरेने औषध देणारे वैदू-हकीम यांना कलम 7 मध्ये सूट आहे. औषधी वनस्पती शेतात लावून विकत असाल तर ती लागवडीची असल्याचं उत्पत्ती प्रमाणपत्र समितीकडून घेता येतं. समितीने ते देताना शेतात जाऊन पाहावं. रानातला माल लागवडीचा म्हणून खपवला जाण्याची वाट इथेच आहे.

11. घरचं जुनं बियाणं वहीत लिहिलं की आमचा हक्क शाबूत राहतो का?

वहीने पुरावा तयार होतो, पण वाणाची नोंदणी वेगळ्या कायद्याखाली होते. पीक वाण आणि शेतकरी हक्क संरक्षण कायदा, 2001 नुसार शेतकरी आपला वाण नोंदवू शकतात आणि बियाणं राखणं, पेरणं, एकमेकांना देणं यावर त्यांचा हक्क आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी शेतात वेगळी दिसलेली लोंबी राखून एचएमटी तांदूळ घडवला. तो लाखो शेतांत गेला, त्यांच्या हाती मात्र फार थोडं आलं. अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी जुन्या वाणांची बियाणं राखली, बायकांना जोडलं, आणि 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. दोघांच्या मधल्या वर्षांत बरंच बदललं, पण बियाणं कुणाकडून आलं हे लिहून ठेवण्याची सवय अजून आपल्याला लागलेली नाही.

12. आमच्याकडे सामूहिक वनहक्क मिळाला आहे. मग आणखी ही समिती कशाला?

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. देशातल्या पहिल्या अशा दाव्यांपैकी तो एक. वनहक्क कायदा, 2006 मध्ये जैवविविधतेवर आणि पारंपरिक ज्ञानावर समाजाचा हक्क मान्य आहे, जंगल राखण्याचा अधिकारही ग्रामसभेला आहे. तेव्हा तुमचा प्रश्न बरोबर आहे.

गुंता असा: जैवविविधता समिती ग्रामपंचायतीची, आणि वनहक्काची ग्रामसभा एखाद्या पाड्याची किंवा टोल्याचीही असू शकते. पाच टोल्यांच्या पंचायतीत समितीने एका टोल्याच्या जंगलाबद्दल परस्पर ठराव केला, तर भांडण ठरलेलं. आमचं स्पष्ट मत आहे की अशा ठिकाणी वही टोल्यागणिक करावी, त्या त्या ग्रामसभेने ती मंजूर करावी, आणि वनव्यवस्थापन समितीतलीच माणसं जैवविविधता समितीत घ्यावीत. शुल्काचा (प्रश्न 9) निर्णयही त्या ग्रामसभेच्या संमतीशिवाय घेऊ नये.

13. देवराईत मंदिराचा जीर्णोद्धार करायचा म्हणतात, झाडं जाणार. विरोध केला तर देवाच्या विरोधात गेलो असं होतं. काय करू?

विरोधाने सुरुवात करू नका. देवराई आजवर सरकारने राखली नाही, देवाच्या धाकाने आणि गावाच्या शब्दाने राखली. 1970 च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हाही हेच समोर आलं होतं. अनेक रायांत पडलेली फांदीसुद्धा उचलायची नाही असा दंडक असतो. तो दंडक कुणी घातला, कसा पाळला, कुणाला दंड झाला, या गोष्टी म्हाताऱ्यांकडून गावासमोर सांगून घ्या. गुरव, मानकरी यांना पहिल्या दिवसापासून बरोबर घ्या. कोकणात कौल लावण्याची रीत आहे. झाड तोडायचं की नाही हा प्रश्नही देवापुढे ठेवा, असा आग्रह गावातूनच धरला जाऊ शकतो.

मग मधला मार्ग बोला: गाभारा दुरुस्त होऊ द्या, सभामंडप राईच्या बाहेर घ्या, रस्ता आणि दिवे आत नेऊ नका. बहुतेक ठिकाणी सिमेंटच्या देवळापेक्षा त्याच्यामागून येणारा रस्ता राई जास्त खातो. जमिनीचा सातबारा आणि मालकी तपासा. झाड खाजगी जमिनीत असलं तरी 1964 च्या वृक्षतोड कायद्यातल्या प्रजातींना परवानगी लागते. तो कागद हाताशी असू द्या, पण पहिल्या बैठकीत बाहेर काढू नका.

14. वारसा स्थळ जाहीर झालं तर आमचं जाणं-येणं, पूजा, चराई बंद होईल का?

जैविक विविधता अधिनियमाच्या कलम 37 खालच्या जैवविविधता वारसा स्थळाचा तो हेतू नाही. मार्गदर्शक सूचनांत साफ म्हटलं आहे की लोकांनी स्वतःहून स्वीकारलेली बंधनं सोडून चालत आलेल्या रीतींवर बंदी येत नाही. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे इथे जंगली जायफळाची पाणथळ राई आहे, 2.59 हेक्टरांची. गावकऱ्यांनी ती देवाची म्हणून राखली आणि 2021 मध्ये ती वारसा स्थळ झाली. त्याच वर्षी आंबोलीजवळ हिरण्यकेशीच्या उगमालाही हा दर्जा मिळाला, तिथेच सापडलेल्या एका छोट्या माशामुळे. अभयारण्य ही वेगळी गोष्ट, वेगळा कायदा. प्रस्ताव पाठवताना कोणत्या रीती चालू राहणार ते ठरावात एकेक करून लिहा, म्हणजे पुढे कुणी हात वर करणार नाही.

15. गावाच्या माळावर झाडं लावायची आहेत. समितीने पहिलं काम हेच करावं ना?

माळावर नको. माळरान हे ओसाड जंगल नव्हे. ते गवताचं राज्य आहे, आणि तिथे माळढोक, तणमोर, धाविक, लांडगा, चिंकारा राहतात. सोलापूरजवळच्या नान्नज परिसरात 1979 मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झालं, आणि आज तो पक्षी महाराष्ट्रातून जवळजवळ नाहीसा झाला आहे. माळावर गिरिपुष्प आणि निलगिरीच्या रांगा उभ्या केल्या की चारा जातो, धनगर जातो आणि पक्षीही जातो. कोकणातल्या सड्यांचंही तेच. आठ महिने काळा कातळ दिसणाऱ्या जागेवर पावसात दीपकाडी आणि सीतेची आसवं फुलतात. तिथे माती टाकून बाग करणं म्हणजे आहे ते गाडणं.

झाडं लावायचीच असतील तर ओढ्याकाठी, बांधावर, तुटलेल्या राईच्या कडेला, आणि गावात पूर्वी होती तीच लावा. कोणती होती हे वहीत सापडेल, म्हणून वही आधी.

16. आम्ही शहरात राहतो. आमचं काय?

महानगरपालिकेचीही समिती असते (प्रश्न 1). पुण्यातलं गणेशखिंड उद्यान 2020 मध्ये वारसा स्थळ झालं. जुन्या झाडांसाठी 1975 चा शहरी वृक्षसंरक्षण कायदा आहे, 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षांवरची झाडं वारसा वृक्ष ठरतात. आपल्या वॉर्डातली अशी झाडं मोजा आणि यादी समितीला द्या.

17. दुर्मीळ प्राणी किंवा वनस्पती सापडली तर फोटो टाकावा का?

फोटो टाका, ठिकाण टाकू नका. मोबाइल फोटोत जागेची नोंद आपोआप राहते, ती काढून मगच पाठवा. खवल्या मांजर, आमरी, पोपटाच्या ढोली यांचा ठावठिकाणा चुकीच्या हाती गेला की दुसऱ्या आठवड्यात तिथे काही उरत नाही. समितीच्या पाकीटबंद भागात (प्रश्न 8) मात्र नेमकी जागा लिहा.

18. मी परदेशात नोकरी करतो. सुट्टीत गावी येऊन तिथल्या वनस्पतींवर संशोधन करावं म्हणतो. चालेल का?

मदत जरूर करा, पण इथे एक अडचण फार जणांना माहीत नसते. जैविक विविधता अधिनियमाच्या कलम 3 नुसार परदेशी नागरिकाला, तसंच आयकर कायद्याने अनिवासी ठरणाऱ्या भारतीय नागरिकालाही, संशोधनासाठी जैविक संसाधन किंवा त्यासंबंधीचं ज्ञान घ्यायचं तर चेन्नईच्या प्राधिकरणाची आधी मंजुरी लागते. जन्म गावचा असला तरीही. नमुने बॅगेत घालून नेणं तर दूरच. वही छापायला, जाणकारांचा मोबदला द्यायला, शाळेला दुर्बीण घ्यायला हातभार लावा. त्याला या प्राधिकरणाची परवानगी लागत नाही.

19. काम कोणत्या महिन्यात सुरू करावं?

मे महिन्याच्या शेवटी. चाकरमानी गावी असतात, लग्नं उरकलेली असतात, पेरणी अजून दूर असते. पहिली बैठक तेव्हा घ्या, नकाशा काढा, वाड्या वाटून घ्या. मृगाच्या पावसाबरोबर शेवळं आणि चढणीचे मासे, श्रावणात बाकीच्या रानभाज्या, भात कापणीला वाण, थंडीत पाणथळीवरचे पक्षी, आणि फाल्गुनात पानगळ झाल्यावर ढोल्या व घरटी. एक फेरी पूर्ण व्हायला वर्ष लागतं. दुसऱ्या मे महिन्यात वही ग्रामसभेत वाचायची, आणि खाडाखोड करायला लाल पेन बरोबर ठेवायचं.